स्मोक अलार्म स्वयंपाकघरात नको

आमच्या इमारतीत जिन्यापाशी आग विझवण्याच्या पाइपची होज रील आहे, लॉबीत धूर ओळखणारे डिटेक्टर आहेत आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी होऊन सोसायटीचा ‘बी फॉर्म’, म्हणजे ही यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्रही भरले जाते, मात्र ही सगळी व्यवस्था फ्लॅटच्या दाराशी येऊन थांबते. रात्री बेडरूममध्ये चार्जिंगला लावलेली बॅटरी किंवा एसीची वायर धुमसू लागली, तर लॉबीतल्या डिटेक्टरला त्याचा पत्ता लागेपर्यंत घर धुराने भरलेले असते. त्यामुळे घरात स्वतःचा स्मोक अलार्म हवा, यावर आमच्याकडे वाद नव्हता. तो कुठे लावायचा, यावर होता.

“ताई, किचनमध्येच लावा, आग तिथेच लागते ना,” असे इलेक्ट्रिशियनचे म्हणणे होते. वरवर पटणारा हा सल्ला मुंबईच्या घरात निरुपयोगी ठरतो, कारण सुक्या मिरचीची फोडणी पडली किंवा पापड जरा जास्त भाजला गेला की अलार्म बेंबीच्या देठापासून ओरडतो, चार दिवसांत सगळे वैतागतात, आणि कोणीतरी स्टुलावर चढून बॅटरी काढून ठेवते. शेगडीपासून किमान ३ मीटर अंतर राखावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. ओपन किचन असलेल्या वन बीएचकेमध्ये हे अंतर मोजत गेलो की आपण बहुधा बेडरूमच्या दाराशी पोहोचतो, आणि झोपलेल्या माणसाला उठवण्याच्या दृष्टीने तीच जागा योग्य आहे. देवघर, बाथरूमचे दार आणि एसीचा झोत यांपासूनही अलार्म लांब असावा; पंख्याच्या पात्याच्या टोकापासून सुमारे १ मीटर सोडावे. धूर वर जातो, पण भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा साचून राहते, म्हणून छतावर लावताना भिंतीपासून निदान १० सेंटिमीटर अंतर ठेवावे.

घरासाठी मी फोटोइलेक्ट्रिक प्रकार निवडला. त्याच्या आतल्या काळ्या कप्प्यात एलईडीचा प्रकाश एरवी सेन्सरवर पडत नाही. धुराचे कण शिरले की तो विखुरतो, सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि अलार्म वाजतो. गादी, सोफा, वायरचे आवरण अशा धुमसत जळणाऱ्या वस्तूंचा धूर या प्रकाराला लवकर कळतो. गॅसची गळती मात्र त्याला मुळीच कळत नाही. त्यासाठी वेगळा डिटेक्टर लागतो, आणि पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असल्याने तो छताजवळ, तर सिलिंडरचा गॅस जड असल्याने जमिनीजवळ बसवावा लागतो.

देखभालीत आपल्या हवेचा विचार करावा लागतो. सेन्सरला धुराचे कण आणि वाफेचे थेंब यांतला फरक कळत नाही, त्यामुळे पावसाळ्यातला दमटपणा, शेजारच्या फ्लॅटच्या तोडफोडीची धूळ किंवा जाळीतून आत शिरलेला चिलट यांपैकी काहीही त्याला विनाकारण वाजवू शकते. व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने बाहेरची जाळी अधूनमधून साफ करावी. कीटकनाशकाचा फवारा त्यावर मारू नये. दिवाळीआधी रंगकाम निघाले तर तो उतरवून ठेवावा, कारण त्यावर एकदा ब्रश फिरला की तो बाद झाला असे समजावे. महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबावे, मधूनमधून ‘टिक’ असा बारीक आवाज येऊ लागला की बॅटरी बदलावी, आणि १० वर्षांनी बटण दाबल्यावर वाजत असला तरी संपूर्ण अलार्मच बदलावा. उत्पादनाची तारीख मागच्या बाजूला असते. छताला लावल्यावर ती दिसत नाही, म्हणून मी ती मार्करने कडेला लिहून ठेवली आहे.

घरात कमी ऐकू येणारे वयस्कर माणूस असेल, तर नेहमीचा तीक्ष्ण आवाज झोपेत त्यांच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. ५२० हर्ट्‌झचा जाडसर आवाज काढणारे अलार्म त्यांच्यासाठी अधिक उपयोगी असतात. शिवाय टेस्ट एकदा रात्री, बेडरूमची दारे लावून आणि एसी चालू ठेवून जरूर करावी, आणि त्याच वेळी सेफ्टी डोअरची किल्ली अंधारात हाताला लागते का, तेही पाहावे.