एक न वाचलेला रकाना आणि सात शिपिंग बिलं

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. शॉप दीर बघतात, एक्स्पोर्टचे कागद माझ्याकडे. २०२१ मध्ये सीएनसी मशीन आणली ती ईपीसीजी लायसन्सवर. म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम ड्युटी नाही, पण वाचलेल्या ड्युटीच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवायची, त्यातली निम्मी पहिल्या चार वर्षांत. आमची वाचलेली ड्युटी ११ लाख, म्हणजे ६६ लाखांची निर्यात. न्हावाशेव्यातून माल नियमित जात होता, त्यामुळे मी निर्धास्त होते.

एप्रिल २०२४ मध्ये हिशोब जुळवायला बसले तेव्हा लक्षात आलं, की सात शिपिंग बिलांवर (निर्यातीच्या मालासाठी कस्टम्सकडे दाखल करायचे कागद) लायसन्स नंबरच नाही. स्कीम कोड १९, म्हणजे नुसता ड्रॉबॅक, निर्यातीवर काही ड्युटी परत मिळते ती वेगळी योजना. एकूण २३ लाखांचा माल. तो गेला, पैसेही बँकेत आले, पण ईपीसीजीच्या हिशोबात त्यातला एक रुपया धरला जाणार नव्हता. आणि निर्यात कमी पडली तर तेवढ्या प्रमाणात ड्युटी व्याजासकट भरायची.

बिल दाखल करण्याआधी आमचे कस्टम्सचे कागद भरणारा ब्रोकर त्याची चेकलिस्ट पाठवतो. ती रात्री नऊ-साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर यायची. मी वजन, रक्कम, पार्टीचा पत्ता तपासून ‘ओके’ कळवायचे. स्कीमचा रकाना मी कधी वाचलाच नव्हता. चूक भरणाऱ्याची, तशी माझीही.

ब्रोकरच्या ऑफिसातून उत्तर आलं, ‘वहिनी, एक अर्ज टाकू, होऊन जाईल.’ त्यात तीन आठवडे गेले. शेवटी शरणपूर रोडवर कस्टम्सचंच काम करणाऱ्या एका वकील मॅडमकडे गेले. फाइल उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘पहिल्या बिलाचा लेट एक्स्पोर्ट ऑर्डर कधीचा?’ म्हणजे कस्टम्सने माल पाठवायला परवानगी दिली तो आदेश. १४ जून २०२३. त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं. तेव्हा लागू असलेल्या २०२२ च्या नियमांप्रमाणे बिल एका स्कीममधून दुसऱ्यात बदलून घ्यायचा अर्ज त्या तारखेपासून एका वर्षात करावा लागत होता. आयुक्त सहा महिने वाढवून देऊ शकत होते, त्यापुढे आणखी सहा महिने मुख्य आयुक्त, पण ती मुदत मागण्यासाठी कारण द्यावं लागत होतं. आमच्या हातात महिनाभर होता. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. माल सोडवणं हे ब्रोकरचं काम, त्यात तो वाकबगार असतो. पण मुदत आणि पुरावा हा वकिलाचा प्रांत आहे, हे मला तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ ची. माल गेल्यानंतर बिलात दुरुस्ती मिळते ती फक्त निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांवर. ‘ताई, आज केलेलं प्रतिज्ञापत्र मला नको. त्या दिवशी तुमच्या कपाटात काय होतं ते आणा,’ मॅडम म्हणाल्या.

मी सगळं कपाट उपसलं. पाच इन्व्हॉइसच्या तळाशी बारीक अक्षरात ईपीसीजी नंबर छापलेला होता. या इन्व्हॉइस ई-संचितवर, म्हणजे कागद ऑनलाइन जमा करायच्या कस्टम्सच्या व्यवस्थेत, तेव्हाच अपलोड झालेल्या, म्हणजे तारखेसकट कस्टम्सकडेच पडून होत्या. मॅडमनी त्या ओळीवर पिवळा हायलायटर फिरवला तेव्हा मला हायसं वाटलं. उरलेल्या दोन इन्व्हॉइस नवीन मुलाने वेगळ्या फॉरमॅटमध्ये केल्या होत्या, त्यांवर नंबर नव्हता. एकीसाठी ब्रोकरला पाठवलेला ईमेल सापडला, त्यात नंबर होता. दुसरीसाठी काहीच नाही.

माल त्याच मशीनवर झाला हेही दाखवायचं होतं. चार्टर्ड इंजिनिअरचं इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट होतंच. शिवाय दिरांनी जॉब कार्डांचा गठ्ठा आणून दिला, मशीन नंबर, ऑपरेटरची सही, कूलंटचे डाग, सगळं त्यावर. मी ती नीट उतरवून काढायला निघाले तर मॅडमनी अडवलं. ‘डागांसकट स्कॅन करा.’

२७ मे रोजी अर्ज गेला. सुनावणी व्हिडिओवर, मॅडमच्या ऑफिसातून. अधिकाऱ्यांनी विचारलं, की नंबर इन्व्हॉइसवर होता तर बिलात का नाही? मॅडमनी आधीच बजावलं होतं, कारण रचायचं नाही. मी सांगितलं, चेकलिस्ट मी पूर्ण वाचली नाही. त्यांनी ते लिहून घेतलं आणि जॉब कार्डांकडे वळले.

सप्टेंबरमध्ये आदेश आला. सहा बिलं मंजूर, सातवं नामंजूर, कारण त्या दिवसाचा कागद नाही. त्याविरुद्ध तीन महिन्यांत मुंबईला ट्रायब्युनलमध्ये अपील करता आलं असतं. मॅडमनी फी घेण्याऐवजी हिशोब मांडून दाखवला: बिल २ लाख ८० हजारांचं, आणि सहा वर्षं पुरी व्हायला अजून अवधी आहे. तेवढी निर्यात नव्याने करणं स्वस्त. आम्ही अपील केलं नाही. दिवाळीच्या आधी जो माल गेला त्याच्या चेकलिस्टवर स्कीमचा रकाना मी आधी वाचला, लायसन्स नंबर आकडा-आकडा जुळवला आणि मग ‘ओके’ कळवलं.