ओएस हलकीच आहे हो, ब्राउझरचं काय करायचं ते सांगा

कपाट आवरताना जुनं नेटबुक सापडलं. ॲटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम, १०२४ बाय ६०० ची एवढीशी स्क्रीन, चार्जर लावला तर चक्क चालू झालं. मग काय, आवरणं तिथेच राहिलं.

पहिली अडचण अशी की एन२७० हा २००८ चा आणि निव्वळ ३२ बिटचा प्रोसेसर, त्यामुळे ज्या ज्या आयएसओच्या, म्हणजे ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायच्या फाइलच्या, नावात ६४ दिसतं त्या सगळ्या बाद. लिनक्स टाकायचं तर उबुंटूने ३२ बिट डेस्कटॉपची आयएसओ २०१७ मध्येच बंद केली आणि डेबियननेसुद्धा २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीचा इन्स्टॉलर देणं थांबवलं. उरतात अँटीएक्स २३, पपीच्या काही आवृत्त्या, टायनी कोअर, अल्पाइन वगैरे हलक्या लिनक्सची मंडळी. टायनी कोअरची गंमत वाटते मला, अख्खा डेस्कटॉप पंचवीसेक एमबीत, आपण फोनवर काढलेले चार-पाच फोटो याच्यापेक्षा जड असतात! पण त्यात नेटबुकचं वायफाय चालवायचं म्हणजे ड्रायव्हर, फर्मवेअर सगळं एकेक आणून जोडत बसा, तेवढा धीर नव्हता म्हणून अँटीएक्स टाकलं.

आणि इथे दीड तास फुकट घालवला. वायफाय जोडलेलं दिसतंय, पिंग जातंय म्हणजे नेट चालू आहे, पण एकही साइट उघडेना, सगळीकडे साइटच्या खरेपणाच्या सर्टिफिकेटची बोंब, ॲप्ट अपडेट (प्रोग्रामची यादी ताजी करायची कमांड) मारलं तर म्हणे रिलीज फाइल अजून वैध नाही. अजून नाही म्हणजे? मी आपला डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदल, राउटर रीस्टार्ट कर असं करत बसलो आणि मग सहज स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं तर तिथे २००८ साल चालू होतं. मदरबोर्डवरचा बटणसेल मेलेला, त्यामुळे वीज गेली की बायोसची, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधली, तारीख थेट मागे, आणि २००८ मध्ये बसलेल्या मशीनला आजचं सर्टिफिकेट भविष्यातलं वाटणारच ना. टर्मिनलमध्ये डेट कमांडने तारीख टाकली, दोन मिनिटांत सगळं सुरळीत. जुनं मशीन काढलंत तर आधी तारीख बघा, बाकी सगळं नंतर.

अँटीएक्समधल्या आइसडब्ल्यूएम या हलक्या डेस्कटॉपवर नुसता डेस्कटॉप उघडून बसलं तर रॅम दीडशे एमबीच्या आसपास जाते. मेनू झटकन उघडतो, फाइल मॅनेजर झटकन उघडतो, मी खूश. मग फायरफॉक्स उघडला, बातम्यांची एक साइट टाकली आणि हार्डडिस्क जी खरखरायला लागली ती थांबेचना. सगळं स्वॅपमध्ये, म्हणजे रॅममध्ये न मावलेलं डिस्कवर. झेडरॅम चालू केल्यावर जरा श्वास घेता आला, म्हणजे काय तर स्वॅप डिस्कवर न टाकता रॅममध्येच दाबून ठेवायचा, कॉम्प्रेस करायला प्रोसेसरला थोडं काम पडतं पण जुन्या हार्डडिस्कच्या मानाने ते काहीच नाही. तरीही दोन टॅबच्या वर जायची सोय नाही.

म्हणून लोक जेव्हा विचारतात ना की जुन्या लॅपटॉपवर सगळ्यात हलकी ओएस कुठली, तेव्हा मला हसू येतं. ओएस दीडशे एमबी खाते की नव्वद, याने काय फरक पडतो जर तुम्ही पहिलं काम ब्राउझर उघडायचं करणार असाल? त्यातून पेंटियम ३ किंवा ॲथलॉन एक्सपी प्रोसेसर असेल तर विषयच संपला, त्यांच्यात एसएसई२ हा सूचनांचा संच नाही आणि आजचे क्रोम, फायरफॉक्स त्याशिवाय सुरूच होत नाहीत, मग रॅम कितीही घाला.

हलके ब्राउझर आहेत, नाही असं नाही. डिलो पापणी लवायच्या आत उघडतो, जावास्क्रिप्ट नाही त्यामुळे निम्म्या साइट कोऱ्या दिसतात ते एक सोडा, पण माझ्याकडच्या जुन्या डिलोत मराठी पानाची अवस्था बघवत नाही. जोडाक्षरं फुटलेली, हलंत लोंबकळतायत, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर. 'क्षितिज' वाचायला मला तीन सेकंद लागले. ज्या प्रोग्रामला अक्षरं नीट जुळवून काढता येत नाहीत त्यात देवनागरी अशीच दिसणार. नेटसर्फ या दुसऱ्या हलक्या ब्राउझरच्या जीटीके आवृत्तीत मात्र मजकूर पँगो या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीतून जातो, तिथे मराठी नीट दिसतं. फॉन्ट तेवढा टाकायचा, लोहित देवनागरी छोटा आहे, पुरतो.

याच भरात जुना पहिल्या पिढीतला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटरही काढला, २०१२ चा, ७०० मेगाहर्ट्झ, २५६ एमबी. तो तर नेटबुकपेक्षा दुबळा, पण खरं सांगू का, तोच जास्त कामाचा ठरला. स्क्रीन नाही, डेस्कटॉप नाही, फक्त घरचा डीएनएस आणि जाहिराती अडवणं, एवढ्यालाच बसवलाय. मागे एकदा त्याचं एसडी कार्ड मेलं होतं कारण प्रत्येक डीएनएस चौकशीची नोंद कार्डावर लिहिली जात होती, रात्रंदिवस. आता लॉग टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे रॅममध्ये, वीज गेली की पुसले जातात, जाऊ देत.

हेच काम पडून असलेल्या पेंटियम ४ ला द्यायचं आधी डोक्यात होतं. पण अख्खं कॅबिनेट नुसतं चालू ठेवलं आणि अगदी ६० वॅट धरले तरी वर्षाला ५२५ युनिट होतात, पायचे ३ वॅट धरले तर २६. जुनं मशीन वाचवलं म्हणून स्वतःची पाठ थोपटायची आणि वर्षभर हीटर चालवायचा, हे काही पटलं नाही. त्या पेंटियम ४ वर फ्रीडॉस (जुन्या डॉससारखी फुकट ओएस) टाकलंय, कधीतरी जुने गेम खेळायला, खेळून झालं की बंद.

नेटबुकचं शेवटी लिहिण्याचं मशीन केलं. आधी वाटलं डेस्कटॉपही नको, थेट कन्सोलवरच, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या काळ्या स्क्रीनवर, लिहू, पण लिनक्सच्या साध्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात आणि जोडाक्षरं जुळवायची त्याला अक्कल नाही, सगळे चौकोन. मग आइसडब्ल्यूएम, लिहायला लीफपॅड आणि मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड, एवढंच. वायफाय बंद असतं त्यामुळे बॅटरी थोडी जास्त टिकते आणि मी पण.

ही पोस्ट त्यावरच लिहिली. टाकायला गेलो तर पोस्टचं पान लोड होता होता मशीन गोठलं, म्हणून फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि फोनवरून टाकतोय.