बसलंय, खरं टेकलंय का?

परवा दुपारी दोन भाकऱ्या आणि वर तांब्याभर ताक घेऊन, मिटत्या डोळ्यांनी मी एका गिऱ्हाइकाचं जीएसटी रिटर्न भरत होतो. तेवढ्यात टेबलाखालून मिक्सर लावल्यासारखा आवाज सुरू झाला. आतून बायकोनं विचारलं, "आता चटणी कोण वाटतंय?"

कॉम्प्युटर वाटत होता. आठच दिवसांपूर्वी खोक्यातून आलेला, तयार जोडलेला. आपल्याला हात लावायला लागू नये म्हणून चार पैसे जास्त देऊन घेतलेला.

तापमान दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. एक्सेलची शीट उघडली की प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, शंभर अंशांवर, मिटली तरी पंच्याऐंशी. शंभरला पोचला की तो आपली चाल आपणच मंद करतो, म्हणून तो जळत नाही. जीव आपला जळतो. विकणाऱ्यांना फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "सर, रूमचं टेंपरेचर किती आहे?" म्हटलं, "बाई, जानेवारी आहे, मी स्वेटर घालून बसलोय." मग तिनं विंडोज नव्यानं टाकायला सांगितलं.

मी पत्रा काढला. प्रोसेसरवर बसवलेल्या, त्याला गार ठेवणाऱ्या कूलरला बोट लावलं, तर तो हलला. दुधाचा दात हलतो तसा. त्याच्या चार कोपऱ्यांना चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. इंटेलनं २००४ मध्ये, पेंटियमच्या दिवसांत त्या आणल्या आणि अजून त्याच चालल्यात. खुंटी वरून दाबली की टक् वाजतं, प्रोसेसर ज्यावर बसतो त्या बोर्डाखाली तिचे पाय फाकतात आणि ती अडकते. माझ्या तीन अडकलेल्या होत्या. चौथी नुसतीच भोकात उभी, बसच्या रांगेत उभं राहावं तशी. जोडणाऱ्याला टक् ऐकू आलं नसेल, नाहीतर वाटेत कुरिअरच्या टेंपोनं तिला उठवलं असेल.

"बसलंय, खरं टेकलंय का?" तात्या म्हणाले. म्हणजे आत्ता नाही. चाळीस वर्षांपूर्वी, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्यांच्या शेडमध्ये.

तिथं विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्तीला यायची. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथं. हेडचे नट तात्या ओळीनं कधी आवळायचे नाहीत. आधी सगळे बोटानं, मग पान्यानं समोरासमोर, थोडं हिकडं, थोडं तिकडं. एकाच अंगानं आवळत गेलं की हेड तिरकं बसतं आणि गॅस्केट फुंकतं. पण त्यांचा खरा जीव बेअरिंगवर. शाफ्टला ब्लू, म्हणजे खुणेचा निळा रंग, लावायचा, बेअरिंगमध्ये ठेवून फिरवायचा, काढायचा. जिथं निळं उमटलं तिथं टेकलंय. तेवढाच उंचवटा स्क्रेपरनं खरवडायचा, परत ब्लू, परत फिरव. निळे ठिपके सगळीकडं सारखे पडेपर्यंत अख्खी दुपार जायची, आणि मला वाटायचं, हा माणूस मुद्दाम वेळ काढतोय. तो ब्लू माझ्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर असा बसला की आईनं रॉकेल, लिंबू सगळं करून शेवटी शर्टाचं पुसणं केलं. तो मात्र पक्का टेकला होता.

इंजिन विहिरीवर चालू असलं की त्यातून गरम पाणी बाहेर पडायचं. थंडीत बायका त्यात धुणं धुवायच्या, आम्ही पोरं पाय सोडून बसायचो. इंजिन गार, आम्ही गरम. प्रोसेसरची ऊब अशी कुणाच्या कामाला येत नाही. नाहीतर पासष्ट वॅटवर एखादी मांजर सुखानं झोपली असती.

तर, कूलर. खुंट्या बाणाच्या दिशेला फिरवून वर ओढल्या, कूलर उलटा केला आणि हसूच आलं. राखाडी पेस्टच्या तीन पट्ट्या. एका अंगाला दबून पसरलेल्या, उठलेल्या खुंटीच्या अंगाला कारखान्यात ओढल्या तशाच, कोऱ्या करकरीत. तात्यांच्या ब्लूनं तरी वेगळं काय सांगितलं असतं? धातू कितीही गुळगुळीत दिसो, दोन पृष्ठभागांमध्ये बारीक फटी राहतात आणि फटीत हवा बसते. हवेतून उष्णता जाता जात नाही. पेस्टचं काम तेवढ्या फटी बुजवण्याचं. लोक मात्र ती पुरणासारखी भरतात.

जुनी पुसून काढली, राजारामपुरीतून आणलेल्या सिरिंजमधून वाटाण्याएवढी नवी लावली. समोरासमोरच्या दोन खुंट्या एकदम दाबल्या. बोर्ड असा वाकला की माझ्या पोटात गोळा आला. टक्, टक्. मग उरलेल्या दोन. मागचा पत्रा काढून चारही पांढरी टोकं बाहेर आलीत का, तेही पाहिलं. मला ही खोडच आहे. गाडीचं स्टँड, गॅसचं बटण, कुकरचं झाकण, सगळं दोनदा. घरात यावरून माझी चेष्टा होते, होऊ दे.

आता रिटर्न भरताना पंचेचाळीस. पंखा फिरतोय की नाही हे वाकून बघावं लागतं.

संध्याकाळी तात्यांना मुद्दाम बोलावून आणलं. ऐंशीच्या पुढं गेलेत. एके काळी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून, मूठ कानाला टेकवून, कुठलं बेअरिंग रडतंय ते सांगायचे. आता कानाचं मशीन खणात पडलेलं असतं. मी सगळी कथा सांगितली, खुंटी दाखवली, पेस्ट दाखवली. त्यांनी मान हलवली आणि तळहात पत्र्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गार हाय," म्हणाले.

"आणि आवाज? गेला न्हवं?"

"मला कुठला ऐकू येतोय, लेका," ते म्हणाले आणि चहाच्या कपाकडं हात नेला.