हिरव्या खुणेची डिश

आमच्या लॅबमध्ये माणसांना चेहरा नसतो. दर जोडप्याला एक नंबर आणि डिशच्या टोपणावर एका रंगाची खूण. त्या दिवशीचं जोडपं हिरवं होतं. (ओळखू येतील असे बारकावे मी बदललेत.)

मी भ्रूणतज्ज्ञ. कोल्हापुरातल्या एका वंध्यत्व केंद्रात चौदा वर्षं काम करते. माझा जन्म १९८६चा. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचारांतून हर्षा, वैज्ञानिक नोंद असलेली देशातली पहिली टेस्ट-ट्यूब बेबी, जन्मली होती, त्यामुळे माझी नोकरी कळल्यावर आमची आत्या म्हणाली, "म्हणजे तू नळीत पोरं करतेस!" नळी कुठेच नसते. चपटी डिश असते, तेलाखाली माध्यमाचे थेंब असतात, ३७ अंशांवरचा इनक्युबेटर असतो. आणि गजरा, अत्तर, नेलपॉलिश यांना बंदी असते, कारण त्या वाफा भ्रूणाला सोसत नाहीत. दिवाळीतसुद्धा मी बिनवासाच्या साबणाने आंघोळ करून येते.

हिरव्यांच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. तो शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत भट्टीवर. ती घरी ब्लाउज शिवायची. तिची फाइल मी चाळली होती, चांगली दोन बोटं जाड. सहा वर्षांत बीज तयार व्हायच्या गोळ्या, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी, पुन्हा गोळ्या. अंगारक्या, जोतिबाच्या खेटा आणि वाडीच्या दत्ताच्या पौर्णिमा फाइलीत नव्हत्या, त्या तिने समुपदेशक ताईंना सांगितल्या. त्याचा मात्र एकच कागद होता, तोही सातव्या वर्षातला. वीर्यतपासणी. शुक्रजंतू निल.

इथे मला राग येतो, तो लपवत नाही. काही शे रुपयांची तपासणी, ना सुई, ना भूल. ती पहिल्या महिन्यात व्हायला हवी होती. आधीच्या दवाखान्यात कुणी लिहून दिली नाही, आणि घरात कुणाला सुचली नाही. बाईची दुर्बीण आधी आणि पुरुषाची डबी नंतर, हा क्रम मी इतक्यांदा पाहिलाय की फाइलची जाडी बघूनच पुढचं ओळखते.

निल आल्यावर सगळ्यांनी भट्टीला दोष दिला. उष्णतेने संख्या घटते हे खरं, पण इतकी निल सहसा होत नाही. त्याच्या रक्तात एफएसएच, म्हणजे अंडकोषांना कामाला लावणारं संप्रेरक, चढलेलं होतं आणि अंडकोष लहान होते. म्हणजे शुक्रजंतूंची बाहेर यायची वाट बंद झालेली नव्हती, कारखानाच थंडावला होता. गुणसूत्रं ठीक होती, वाय गुणसूत्राचा तुकडाही गळालेला नव्हता. तसा काही ठिकाणचा तुकडा गळाला असेल तर शुक्रजंतू शोधायलाही जात नाहीत. मग मायक्रो-टीसी ठरली. भूल देऊन अंडकोष उघडायचा, मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या नळ्यांतल्या त्यातल्या त्यात फुगीर, दुधाळ नळ्या वेचायच्या आणि आमच्याकडे द्यायच्या. पुण्याहून आलेल्या सर्जननी त्याला आधीच सांगितलं होतं, "निम्मी निम्मी आशा धरा."

दोघांचं एकाच दिवशी ठरलं. रात्री साडेआठला बीजं पिकवायचं इंजेक्शन, त्यानंतर छत्तीस तासांनी, म्हणजे परवाच्या सकाळी साडेआठला तिचा पिकअप, बीजं बाहेर काढायची. अकरा बीजं मिळाली, आठ पक्की. नऊ वाजता शेजारच्या थिएटरमध्ये तो. दहाला पहिली डबी माझ्या हातात आली.

पुढचं काम म्हणजे डाळीतले खडे वेचणं, फक्त डाळ पोतंभर आणि खडा एखादाच. दोन बारीक सुयांनी नळ्या पिंजायच्या, गाळ खाली बसवायचा, त्याचे थेंब डिशमध्ये मांडायचे आणि एकेक थेंब कडेपासून कडेपर्यंत बघायचा. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, फाटके तुकडे. शेपटीसारखं काही दिसलं की छातीत धस्स होतं आणि तो धागा निघतो. मी आणि माझी ज्युनिअर, दोघी दोन सूक्ष्मदर्शकांवर. ती लॅबमध्ये नवी, चार महिन्यांची. अकरा वाजले. बारा. माझ्या पाच डिश संपल्या, तिच्या तीन.

पिकअपनंतर बीजांना फार वेळ ठेवता येत नाही, ती शिळी होत जातात. १९९२मध्ये ब्रुसेल्सच्या मंडळींनी इक्सीने, म्हणजे थेट बीजात सुई घालून, गर्भधारणा झाल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून एका बीजाला एक शुक्रजंतू पुरतो. पण तो एक तरी हवा ना.

एक वाजता डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. काही सापडलं नाही तर काय, हे दोघांशी पुन्हा बोलायचं होतं. पर्याय दोनच. बीजं गोठवायची किंवा दात्याचे शुक्रजंतू घ्यायचे, तेही २०२१च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत बँकेतूनच. दात्याला दोघांनी आधीच नकार दिला होता. पण माणसं दुपारी बदलतात, म्हणून पुन्हा विचारायचं.

मी खोलीत गेले तर तिथे एक म्हातारी उभी. नऊवारी, हातात डबा. सुनेला दवाखान्यात ठेवलंय एवढंच तिला ठाऊक होतं, मुलगा पहिल्या पाळीला गेलाय असं सांगितलेलं. आणि इथे शेजारच्या खाटेवर सलाइन लावून तोच झोपलेला.

"आगं, ह्यो हितं कशाला निजलाय?"

सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. डॉक्टरांनी आजीला बाहेर बसायला सांगितलं. तो डोळे मिटूनच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आईला. कळू दे एकदाचं."

डॉक्टरांनी सांगितलं. सोप्या शब्दांत, आवाज न चढवता, न उतरवता. अजून एकही सापडलेला नाही, शोध चालू आहे. म्हातारी ऐकत होती. डबा हातातच. मग ती सुनेकडे वळली.

"आन् तू तर म्हनालीस तुज्यातच हाय."

"तुमच्या कानावर कसं घालणार होते मी, आत्ती?"

मला वाटलं आता रडारड होणार. झाली नाही. म्हातारी खाटेच्या कडेला बसली आणि आमच्याकडे न बघता बोलू लागली. "नववीत हुता. गालगुंड झालतं, दोन्ही बाजूनं. मग खालीबी सुजलं, चार दिस चालता येईना त्याला. मी हळदीचा लेप लावला. दवाखान्यात न्हेलाच न्हाई. लाजत हुता पोरगा, म्हनलं जाईल आपोआप."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. फाइलीत लहानपणच्या आजारांपुढे 'विशेष नाही' लिहिलं होतं. त्याला आठवलंच नव्हतं किंवा त्याचा याच्याशी संबंध असेल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. वयात येताना गालगुंड झालं तर तो विषाणू कधीकधी अंडकोषात उतरतो. बहुतेक वेळा एकाच बाजूला, आणि मूल होण्यात अडचण येत नाही. दोन्ही बाजूंना उतरला तर एखाद्याचं असं होतं. लेपाऐवजी गोळ्या दिल्या असत्या तरी ते टळलं असतं असं नाही, त्यावर नेमकं औषध नाही. डॉक्टरांनी हे आजीला दोनदा सांगितलं. तिने मान हलवली, पण पटलेलं दिसत नव्हतं.

दात्याला पुन्हा नाहीच. बीजं गोठवायला दोघांनी सह्या केल्या.

मी परतले तेव्हा पावणेदोन झाले होते. उरलेल्या डिश संपवल्या. काही नाही. गोठवण्याची तयारी करायला मी उठले, तेवढ्यात ज्युनिअर म्हणाली, "मॅडम, तुमच्या झालेल्या डिश मी एकदा बघू का? पेंटॉक्सिफायलीन घालून?" ते औषध घातलं की निपचित पडलेल्या शुक्रजंतूची शेपटी जराशी वळवळते. मी जरा तुटकपणेच म्हणाले, बघ.

अडीचला तिने हाक मारली. माझी चौथी डिश, तिसरा थेंब. तांबड्या पेशींच्या ढिगाखाली एक शेपूट. आधी वाटलं तिच्या श्वासाने टेबल हललं असेल. मग ती शेपूट पुन्हा हलली. एकदाच, झोपेतल्या मांजरासारखी.

तो थेंब मी बघितला होता. चांगला बघितला होता, 'निल' लिहून बाजूला ठेवला होता.

त्या थेंबात दोन आणि इतर डिशमध्ये मिळून तीन, असे पाच शुक्रजंतू तासाभरात सापडले. आठातली पाच बीजं इक्सीला, तीन गोठवायला. आम्ही दोघींनी नंबर आणि हिरवी खूण मोठ्याने वाचली, हा नियमच आहे. शेपूट सुईने दाबून मोडायची, मग शेपटीकडून उचलायचं, बीजाला दुसऱ्या पिपेटने हलकेच धरायचं आणि आत शिरायचं. पाचपैकी एक बीज सुई लागताच फुटलं. चार वाजून दहा मिनिटांनी इनक्युबेटरचं दार लावलं. तेव्हा कळलं की सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांत दोन-दोन केंद्रकं दिसली, म्हणजे फलन झालं. तिसऱ्या दिवशी एक थांबला. पाचव्या दिवशी एकच भ्रूण ब्लास्टोसिस्ट, म्हणजे गर्भाशयात सोडण्याजोगा, झाला, तोही आमच्या भाषेत 'फोर बीबी', म्हणजे वर्गात मधल्या बाकावर बसणारा. तोच तिच्या गर्भाशयात सोडला. बारा दिवसांनी बीटाचा, म्हणजे गर्भ राहिल्याच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला, दोनशेच्या वर. दोन दिवसांनी दुप्पट. नंतर सोनोग्राफीत ठोके दिसले. हे मला नोंदवहीतून कळलं. असं बहुतेक सगळं आम्हाला नोंदवहीतूनच कळतं.

त्या रात्री मी माझ्या चौथ्या डिशच्या नोंदीवर रेघ मारून दुरुस्ती लिहिली, खाली सही केली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, निल लिहिण्याआधी दुसऱ्या डोळ्यांनी बघायचं. तो लागू करून घेताना मला जरा जड गेलं, हे कबूल करते.

तिला सातवा महिना असताना त्याचा फोन आला. आमच्या लॅबला कुणी थेट फोन करत नाही, म्हणून मी दचकलेच. गोठवलेल्या तीन बीजांबद्दल असेल असं वाटलं. कायद्याने ती दहा वर्षं ठेवता येतात, आणि फीची आठवण नुकतीच गेली होती.

"त्याचं न्हाई मॅडम. थोरल्या भावाचं पोरगं, बारा वर्षांचं. गालगुंड झालंय. लस दिली नव्हती काय त्याला?"

सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. ती एमएमआर खासगीत पैसे देऊन घ्यावी लागते, आणि कितीतरी घरांना हे ठाऊकच नसतं. मी त्याला सांगितलं, बालरोगतज्ज्ञांचा नंबर दिला आणि खाली सूज, दुखणं वाटलं तर एक दिवसही थांबू नका म्हणाले.

"नंबर लिहून घेतो," तो म्हणाला, "पर आईनं सकाळीच न्हेलंय त्याला. चहाबी न पिता."