भोकावर सही नसते

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्याने केली त्याच्या हातात स्वस्तातली स्प्रिंगची एअर रायफल कधी आली नसावी. इथे अंगण पुष्कळदा खरंच वाकडं असतं, आणि नाचणाराही कच्चा असतो. पंचाईत अशी, की दोघांच्या चुका एकाच कागदावर उमटतात आणि भोकावर कुणाची सही नसते. म्हणून झिरो करायला, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा पडेल असा मेळ घालायला, बसल्यावर स्कोपच्या, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीच्या, गुंड्यांना हात सगळ्यात शेवटी लावावा.

आधी स्क्रूड्रायव्हर. दस्त्याच्या पुढच्या भागात बहुधा दोन्ही बाजूंना एकेक आणि चापाच्या कड्यापाशी एखाद-दोन स्क्रू असतात. प्रत्येक बाराच्या हादऱ्याने ते केसभर सुटत जातात. वरून काही दिसत नाही, पण कालपर्यंत एका जागी पडणारे छर्रे आज वाट फुटेल तिकडे जातात. घट्ट करताना जीव खाऊन पिळू नये. लाकूड चेपतं, आटे जातात. स्कोपचा माउंट, म्हणजे त्याला धरणारी कडी, ज्या 11 मिलिमीटरच्या खाचांवर बसतो, तिथलं तेल पुसून काढावं, नाहीतर तो दर बाराला थोडाथोडा मागे सरकतो. माउंटला खाली अडसराची पिन असेल आणि रायफलीवर तिच्यासाठी भोक असेल, तर ती त्यात बसवावीच.

नवी रायफल सुरुवातीला धूर काढते, जळका वास येतो, आवाजही जरा जास्तच कडक. पिस्टनपुढे राहिलेलं तेल हवेच्या दाबाने तापून पेट घेतं, त्याचा हा प्रताप. तोवर प्रत्येक छर्ऱ्याचा वेग निराळा, म्हणून धूर थांबेपर्यंत झिरोचा विचारही नको. आणि कंटाळून छर्रा न घालता चाप ओढण्याचा चाळा तर मुळीच नको. पुढे छर्ऱ्याचा अडथळा नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट धातूवर आदळतो.

आता खरी गंमत. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, म्हणून रायफल मागे येते. टोकाशी दाबलेली हवा पिस्टनला अडवते, तेव्हा तीच रायफल पुढे झेपावते. हे सगळं काही मिलिसेकंदांत होतं, आणि छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच रायफल हलू लागलेली असते. तिला आवळून धरलं तर ती थांबत नाही, फक्त दर वेळी वेगळ्या तऱ्हेने उडते. त्यापेक्षा तिला दर वेळी सारखीच उडू द्यावी. डावा तळहात उघडा, बोटं सैल, रायफल त्यावर नुसती ठेवलेली. खांद्याला बट, म्हणजे दस्त्याचं मागचं टोक, टेकलेलं, दाबलेलं नाही. वाळूची पिशवी रायफलीखाली नको, हाताखाली. तळहात दोन इंच पुढे-मागे झाला तरी ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, सरकू शकतो, म्हणून दस्त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून हाताची जागा ठरवून टाकावी. हा एक तुकडा महागड्या स्कोपपेक्षा जास्त कामाचा आहे, असं माझं स्पष्ट मत.

मग 10 मीटरवर मोठा कागद, मागे छर्रा नक्की अडेल असा भक्कम आडोसा, डोळ्यांवर चष्मा. नळी बिजागरीवर खाली वाकवून छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी धरूनच ठेवावी. ती सुटून परतली तर बोटांचं काही खरं नाही. एकाच डब्यातले पाच छर्रे मारावेत आणि पाचही पडेपर्यंत गुंडीला हात लावू नये. पाच भोकं अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, पण भलतीकडे पडली असतील तर काम सोपं आहे. ती पानभर विखुरली असतील, तर गुंडी फिरवणं म्हणजे तापाला थर्मामीटर बदलणं. परत स्क्रू, पकड, नळीच्या बिजागरीचा खुळखुळा, आणि शेवटी छर्ऱ्याचा दुसरा डबा.

गुंडी फिरवायची वेळ आलीच, तर हिशेब करूनच. गुंडीच्या पाव मिनिटाच्या एका क्लिकने (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) 100 मीटरवर साधारण 7 मिलिमीटर फरक पडतो. 10 मीटरवर जेमतेम 0.7. म्हणजे 3 सेंटिमीटर सरकवायला चाळीसेक क्लिक लागतात. चार क्लिक देऊन ‘स्कोप गेला’ म्हणणारे इथेच फसतात. स्कोप नसलेल्या, साध्या नेमाच्या रायफलीत नेमाची मागची पाटी छर्रा जिकडे न्यायचा तिकडेच सरकवायची. नळीच्या टोकावरची माशी मात्र उलट.

काही रायफलींची नळीच किंचित खाली झुकलेली असते. मग वरची गुंडी ‘अप’कडे फिरवत फिरवत टोकाला जाते, आतली स्प्रिंग सैल पडते आणि स्कोपमधली नेमाची फुली दर बाराला जागा बदलते. अशा वेळी मागून किंचित उंच असलेला उताराचा माउंट घ्यावा, नाहीतर मागच्या कड्यात स्कोपखाली पातळ पट्टी घालावी.

10 मीटरवर जमलं की 25 मीटरवर जावं. तिथे एक क्लिक सुमारे 1.8 मिलिमीटरचा. स्कोप नळीच्या चारेक सेंटिमीटर वर बसलेला असतो, त्यामुळे छर्रा नजरेच्या रेषेला एकदा चढताना छेदतो आणि एकदा उतरताना. 10 मीटरचा झिरो पुढे वर-खाली दिसला तर दचकू नये. पाच छर्रे मारावेत, मधोमध बघावं, गुंडी फिरवावी, पुन्हा पाच. स्क्रूड्रायव्हर मात्र शेजारीच राहू द्यावा.