चेनची कटकट, दोन वाया गेलेले रविवार आणि ०.६ मिलिमीटर

सापडलं एकदाचं! महिनाभर डोकं खाल्लं त्या दुखण्याचं माप ०.६ मिलिमीटर निघालं.

मागचं वाचलेल्यांना आठवत असेल, आमच्या गिरणाऱ्याच्या काळ्या मातीने एका पावसाळ्यात जुनी चेन खाऊन टाकली होती. म्हणून 'चारशे'ला (होंडा टीआरएक्स ४००ईएक्स, माझी चार चाकांची एटीव्ही, नवीन मंडळींसाठी) चेन आणि स्प्रॉकेटचं, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्रांचं, पूर्ण किट बदललं. ५२० मापाची चेन आणि पुढचं १५ दात्यांचं स्प्रॉकेट बाहेरून मागवलं. मागचं ३८ दात्यांचं मात्र पैसे वाचवायला इथल्याच एका वर्कशॉपमधून करून घेतलं. वर्कशॉपचं नाव विचारू नका. माणूस भला आहे आणि निम्मी चूक माझीच आहे, ती पुढे येईलच.

बांधावर पहिली चक्कर मारली आणि मागून कट... कट... कट. मागची चाकं उचलून हाताने फिरवली, तर एका जागी चेनला ३५ मिमी ढील, अर्धा फेरा फिरवला की १२. आता सेटिंग करायचं कुठे? ढिल्या जागी ३५ ठेवलं तर घट्ट जागी स्विंगआर्म दबल्यावर चेन ताठ होणार आणि सगळा ताण गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जाणार. घट्ट जागी ३५ ठेवलं तर ढिल्या जागी चेन उतरायची भीती.

पहिला संशय एक्सेंट्रिक कॅरिअरवर, म्हणजे मागचा ॲक्सल धरणाऱ्या आणि फिरवून चेन ताणायच्या घरावर. बोल्ट ढिले पडून तो फिरला असेल म्हणून आधीच मारलेली पांढऱ्या मार्करची खूण बघितली, जागची तसूभर हलली नव्हती. आणि जरा विचार केला असता तर कळलं असतं की कॅरिअर सरकला तर चेन सगळीकडे सारखीच ढिली होईल, एकाच जागी घट्ट कशी होईल? पण तेव्हा विचार कोण करतंय!

दुसरा संशय थेट ॲक्सलवर. गाडी सेकंडहँड, आधीच्या मालकाने उड्या मारलेल्या, म्हणजे ॲक्सल वाकलाच असणार. खरं सांगतो, मनातल्या मनात मी नव्या ॲक्सलच्या किमतीचे हप्तेसुद्धा पाडले होते.

ॲक्सल काढायचा म्हणजे एकमेकांवर आवळलेले ते दोन मोठे नट सोडवायचे. दोन्ही चिकटून असल्यामुळे पाना रुंदही हवा आणि पातळही. नाशिकच्या द्वारका भागातल्या दुकानांत फिरलो. रुंद पाने ट्रकवाल्यांचे मिळतात, पण जाडी अशी की दोन्ही नट एकदम पकडतात. शेवटी व्हर्नियरने माप घेतलं, कागदावर आकृती काढली आणि अंबडच्या एमआयडीसीत लेझर कटिंगवाल्याकडून ८ मिमी प्लेटमधून दोन पाने कापून आणले. अडीच फुटी दांडा. नाशकात राहण्याचा हा फायदा मला तरी हवामानापेक्षा मोठा वाटतो. जे विकत मिळत नाही ते अंबड-सातपूरला दोन दिवसांत करून मिळतं.

पहिल्या जोरात पान्याचंच तोंड फाकलं, साध्या मऊ पोलादाची (एमएस) प्लेट ती. नट हसत बसला. मग जाड प्लेटचा पाना आणला, नटवर ब्लोलॅम्प धरला (आटे चिकटवणारं लाल लॉकटाइट साधारण २५० अंशांना मऊ पडतं, तोपर्यंत नुसती ताकद लावून आटे खराब करू नका) आणि दांड्याला पाइप घालून मी लोंबकळलो. ओट्यावर बसलेले बाबा एवढंच म्हणाले, "ट्रॅक्टरला सोळा वर्षांत एवढं केलं नाही रे."

नट सुटला. त्या आवाजासाठी मी परत एकदा दोन रविवार घालवायला तयार आहे.

सातपूरच्या टूलरूममधला आमचा दोस्त ॲक्सल घेऊन गेला, व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल (मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत फरक दाखवणारा काटा) लावला आणि रात्री फोन केला, "भाऊ, सरळ आहे. काठीसारखा." हसावं की रडावं कळेना. एक मात्र झालं. कॅरिअरची बेअरिंग्ज फिरवून बघितली तर आत रेती. प्रेशर वॉशर सीलवर धरायची माझी सवय. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतोच, तो घेऊन चांगल्या बेअरिंगच्या दुकानात गेलो, त्याच मापाची सीलबंद जोडी मिळाली. कंपनीच्या पाकिटातलीच हवीत असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, पण बेअरिंग हे नंबराने घ्यायची गोष्ट आहे.

सगळं जोडलं, आवळलं, फिरवलं. कट... कट... कट.

त्या रात्री पहिल्यांदा खडू हातात घेतला, जो पहिल्या दिवशी घ्यायला हवा होता. घट्ट जागा आली की वरच्या दात्यावर आणि हबवर (ॲक्सलवरचा भाग, ज्याला स्प्रॉकेट बोल्टने बसतं) खूण करायची. दहा फेऱ्यांनंतर खुणा एकाच जागी. म्हणजे चेन संशयातून सुटली, कारण दोष चेनमध्ये असता तर घट्ट जागा दर फेऱ्याला सरकली असती. पुढचं स्प्रॉकेटही सुटलं. ते चाकाच्या एका फेऱ्यात अडीच वेळा फिरतं, मग कटकटही तेवढ्या वेळा यायला हवी. उरले हब आणि मागचं स्प्रॉकेट. स्प्रॉकेटचे बोल्ट काढून ते एक भोक पुढे फिरवून बसवलं. घट्ट जागा हबवरची खूण सोडून स्प्रॉकेटबरोबर गेली. पंधरा मिनिटं लागली फक्त! ज्या नटांशी मी दोन रविवार झुंजलो, त्यांना हात लावायची गरजच नव्हती.

दोस्ताचा डायल आणला. मॅग्नेट स्टँड ॲल्युमिनियमच्या स्विंगआर्मला चिकटेना, म्हणून शेजारी ऐरण ठेवून तिच्यावर लावला. जुन्या चेनचा एक रोलर दात्यांच्या खाचेत ठेवून एकेक रीडिंग घेतलं. कमी-जास्तीत फरक ०.६.

एवढ्याशा फरकाने ३५ चे १२ कसे होतात, याचा मी कागदावर हिशोब केला. खालची चेन साधारण ४५ सेंटिमीटर धरली, तर वर-खाली मिळून ३५ मिमी ढील यायला जास्तीची लांबी लागते जेमतेम १.४ मिमी. आणि सेंटर ०.६ ने पुढेमागे झालं की वरची आणि खालची, दोन्ही बाजू मिळून १.२ खाऊन टाकते. दोरीच्या मध्यावर बोट ठेवून बघा, थोडक्या लांबीत केवढी खाली जाते.

आता माझी निम्मी चूक. मी त्या वर्कशॉपला नमुना म्हणून झिजलेलं स्प्रॉकेट दिलं होतं आणि वर शहाणपणा केला होता, "बोअर जरा सैल ठेवा, बसवायला सोपं जाईल." (बोअर म्हणजे मधलं मोठं भोक.) त्याने ठेवला. हबवर ते नेमकं बसलंच नाही, बोल्टच्या भोकांतल्या फटीवर एका बाजूला लटकून आवळलं गेलं.

तात्पुरता उपाय असा: बोल्ट अर्धे ढिले, डायल लावलेला, प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत ठोकत सेंटर केलं आणि समोरासमोरचे बोल्ट आवळत गेलो. फरक ०.१५ वर आला. चेन आता ३५ ते ३१. काल मखमलाबादच्या बाजूला मित्राच्या मोकळ्या रानात छोटा हत्तीमध्ये घालून नेली, तासभर पळवली. आवाज नाही. फक्त इंजिन आणि टायरखालचा मुरूम.

पण हे कायमचं नाही. फक्त बोल्टच्या आवळणीवर सेंटर राहील असं मी धरत नाही, त्यामुळे नेमक्या बोअरचं नवं स्प्रॉकेट करायचंच. करायला टाकायचं होतं ४० दात्यांचं, कारण द्राक्षाच्या ओळींमधून जाताना पहिला गिअरही पळतो. हे लिहिता लिहिताच लक्षात आलं, मागचं स्प्रॉकेट आधीच गाडीखाली सगळ्यात खाली लोंबतं, ते अजून मोठं केलं की पहिल्याच दगडाला दाते देणार. त्यापेक्षा मागे ३८ च ठेवतो आणि पुढे १४ टाकतो, साधारण ७ टक्के फरक तिथेच मिळतो. १३ नको, तिथे चेन स्विंगआर्मच्या पट्टीवर फारच घासत जाईल.

बाकी किरकोळ. एअरबॉक्सचं झाकण काढल्यापासूनची फटफट कार्ब्युरेटरच्या मोठ्या मेन जेटने गेली, प्लग आता बदामी येतोय. फोम फिल्टर मात्र दर दोन फेऱ्यांनी धुवावा लागतो, आमच्या इथली धूळ म्हणजे पीठ. नर्फ बार (पाय ठेवायचे बाजूचे दांडे) वेल्डरने डावा-उजवा एक इंच वरखाली केलेत, पाय ठेवल्यावर कळतं, फोटोत नाही. ऑइल बदललं, ड्राय सम्प (ऑइलची टाकी वेगळी) असल्याने टाकी आणि क्रँककेस दोन्हीकडून काढलं आणि गरम इंजिन बंद केल्या केल्या लेव्हल बघितली. ग्रेड विचारणाऱ्यांना: १०डब्ल्यू-४०, जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचं मानक) लिहिलेलं. कारचं ऑइल घातलंत तर क्लच घसरू शकतो.

टायरची हवा पंपावर बघायला गेलो होतो. "चार पीएसआय" म्हटल्यावर तो पोरगा म्हणाला, "दादा, पंक्चर आहे, काढून देऊ का?" कमी दाबाचा गेज मागवलाय. तोवर दोन्ही मागच्या टायरचा घेर टेपने मोजून सारखा ठेवतोय, कारण मागे डिफरेन्शियल नाही आणि एक बाजू मोठी झाली की गाडी सरळ चालत नाही.

पुढचं १४ चं आणि मागचं नवं ३८ चं स्प्रॉकेट आलं की डायलसकट बसवतो. कोणाकडे चारशेच्या हबवर बसणाऱ्या स्प्रॉकेटच्या बोअरचं मूळ माप असेल तर पाठवा, नमुना म्हणून झिजलेलं काही परत देणार नाही.