बाळाची कॉट घेताना मोजपट्टी खिशात ठेवा

आजचा दिवस कॉट बघण्यात गेला. दुकानात सगळे रंग आणि चाकं बघतात, गजांमधलं अंतर कुणी मोजत नाही. ते ६ सें.मी.पेक्षा जास्त नको. जास्त असेल तर बाळाचं धड सरकतं आणि डोकं अडकतं. कोल्ड्रिंकचा कॅन आत जातो का बघा, असं सांगतात. पण आपल्याकडचे बारीक कॅन मुळातच ६ सें.मी.हून कमी जाडीचे, त्यामुळे ते सुरक्षित फटीतूनही जातील. पट्टीच बरी.

गादी कडक हवी आणि चौकटीत घट्ट बसायला हवी. कडेला दोन बोटं शिरली तर ती गादी त्या कॉटची नाही. कापसाची गादी महिन्याभरात मध्ये दबते आणि खड्डा पडतो. वर दुसरी मऊ गादी घातली की कठड्याची उंचीही कमी होते, हे लक्षात येत नाही. बाळ बसायला लागण्याआधीच तळ खालच्या खाचेत उतरवा.

खाली सरकणारा कठडा असलेली जुनी कॉट कुणी प्रेमाने दिली तरी नको. खिट्टी झिजली की कठडा एका बाजूने सुटतो आणि त्या फटीत बाळ अडकतं. अमेरिकेत २०११पासून अशा कॉटच्या विक्रीवर बंदी आहे.

आत फक्त ताणून बसवलेली चादर. लोड, दुपटी, मोहरीची उशी, सगळं बाहेर. आजी रागावतील, रागावू द्या! बाळाला पाठीवरच झोपवा. मच्छरदाणी बाहेरून, ताणून. आणि महिन्यातून एकदा सगळे स्क्रू आवळा.